एक विणकर, किती माग?

इंदुरीसारख्या गावात सातबारा काढायला गेलेल्या माणसाला 'सर्व्हर डाऊन आहे' हे उत्तर आता पाठ झाले आहे. दूरचे ते यंत्र दर वेळी बंदच पडलेले असते असे नव्हे. कित्येकदा ते चालू असते, पण त्याच्याजवळचे सारे कामगार गुंतलेले असतात. हे कामगार कोण, ते आम्ही आमच्या कारखान्याच्या भाषेत सांगतो.

संगणकातली ऑपरेटिंग सिस्टिम ही तिथली मॅनेजर. कामाला ती दोन तऱ्हेची माणसे देते. 'प्रोसेस' म्हणजे स्वतःची खोली आणि स्वतःची हत्यारे असलेला कारागीर. त्याच्या खोलीला आग लागली तरी शेजारी वाचतो. पण जागा फार लागते. 'थ्रेड', म्हणजे धागा, हे एकाच खोलीत एकाच पेटीतली हत्यारे वापरणारे कामगार. ते स्वस्त पडतात खरे, परंतु एकाने घोटाळा केला की साऱ्या खोलीचे काम बंद!

युनिक्समध्ये नवी प्रोसेस उभी करणे स्वस्त, विंडोजमध्ये महाग. म्हणून १९९५ साली निघालेला अपाची हा सर्व्हर युनिक्सवर एका वेळच्या एका ग्राहकामागे एक प्रोसेस लावी. पुढे विंडोजवर मात्र त्याला एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवावे लागले. अखेर २००२ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत कामगार नेमण्याचा हा भाग निराळा काढून बदलता येण्याजोगा केला. लिनक्समधले थ्रेड तेव्हा बेताचेच होते; २००३ अखेरच्या २.६ या कर्नलपासून ते सुधारले.

पण माणसे वाढवून वाढवणार किती? ग्राहकाची लाईन मंद असली की त्याच्यासाठी नेमलेला कामगार हात बांधून उभा राहतो आणि जागा अडवतो. रशियाच्या इगोर सिसोएव यांनी २००४ साली लोकांपुढे ठेवलेल्या एन्जिनएक्सने उलटी रीत धरली. कामगार मोजके, प्रत्येकापुढे हजारो ग्राहक. ज्याचे काम पुढे सरकण्याजोगे झाले असेल, त्याच्याकडे वळायचे.

इथे आम्हांला १९२८ चा मुंबईचा गिरणी संप आठवल्यावाचून राहत नाही. दोन मागांच्या विणकराने तीन माग सांभाळावेत की काय, हा त्या संपातला एक मोठा वाद होता. माग आपला आपण चालतो, धागा तुटला किंवा धोट्यातली कांडी संपली तरच विणकर लागतो, असा तो हिशेब. एन्जिनएक्सचा हिशेबही हाच. यंत्राचे पाय दुखत नाहीत, म्हणून तिथे तो पुष्कळ चालतो. परंतु एका मागावर लांबलचक काम निघाले की बाकीचे माग खोळंबतात, ही विणकराची अडचण यंत्रालाही चुकली नाही. डिस्कवरून मोठी फाईल वाचण्यासारख्या रखडणाऱ्या कामांसाठी एन्जिनएक्सलाही २०१५ साली वेगळे थ्रेड ठेवण्याची सोय करावीच लागली.