हरभऱ्याचे प्रात्यक्षिक आपल्याच शेतात

हरभऱ्याच्या सुधारित लागवडीची माहिती आपण ऐकलेली असते. दुसऱ्याचे भरघोस पीक पाहिले, की "त्याची जमीनच भारी" असे म्हणून आपण परततो. ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र आपल्याच शेतात मिळते. याच हेतूने कृषि विज्ञान केंद्रे शेतकऱ्यांच्या शेतावर प्रात्यक्षिके घेतात. कडधान्यांची समूह आद्यरेषीय प्रात्यक्षिके २०१५-१६ पासून सुरू झाली.

पवनाकाठचे पिंपळे गुरव आता शहरात सामावले आहे. वरच्या अंगाला मावळात मात्र भात निघाल्यावर खाचरात हरभरा घेतला जातो. जमीन कमी होत असताना उरलेल्या गुंठ्यांतून अधिक उत्पन्न काढणे गरजेचे आहे.

प्रात्यक्षिकासाठी एकसारख्या मगदुराचे, पाण्याचा निचरा होणारे २० गुंठे निवडावेत. १० गुंठ्यांत नेहमीची पद्धत ठेवावी. शेजारच्या १० गुंठ्यांत पुढीलप्रमाणे लागवड करावी. दोन्हींची पेरणी एकाच दिवशी करावी.

वाण व बियाणे : मर रोगास प्रतिकारक विजय किंवा दिग्विजय हे राहुरी कृषि विद्यापीठाचे वाण निवडावेत. १० गुंठ्यांस विजयचे ७ किलो, तर टपोऱ्या दाण्याच्या दिग्विजयचे १० किलो बियाणे लागते. उशिराच्या पेरणीस विजय बरा.

बीजप्रक्रिया : किलोस ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. नंतर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या थंड द्रावणातून लावून बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. मर रोगाची बुरशी जमिनीत असते, म्हणून हे काम पेरणीपूर्वीच व्हावयास हवे.

पेरणी व खत : बागायती पेरणी २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात करावी. अंतर ३० × १० सें.मी. ठेवावे. पेरताना १० गुंठ्यांस साडेबारा किलो डीएपी द्यावे.

पाणी : मध्यम जमिनीत पहिले पाणी २० ते २५, दुसरे ४५ ते ५० आणि तिसरे ६५ ते ७० दिवसांनी द्यावे. पाणी साचू देऊ नये. साचल्यास पीक उभळते.

घाटे अळी : पक्ष्यांना बसण्यासाठी पिकात काठ्या रोवाव्यात. फुले लागताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. घाटे पोखरलेले दिसल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

पीक तयार झाल्यावर दोन्ही तुकड्यांची काढणी व मळणी वेगवेगळी करावी. दाणे अंदाजाने न धरता काट्यावर तोलावेत. बियाणे, खत, फवारणी व मजुरीचा खर्च वजा करून निव्वळ नफा काढावा. अपेक्षित फरक न दिसल्यास पेरणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या व फवारणीची नोंद घेऊन कृषि विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना भेटावे. कोणती पायरी चुकली, हे त्यातून कळते.

चांगल्या तुकड्यातील निरोगी बियाणे पुढील हंगामासाठी राखून ठेवावे आणि मळणीच्या दिवशी शेजाऱ्यांना अवश्य बोलवावे. त्यांच्या समोर तोललेले पोते शंभर व्याख्यानांपेक्षा अधिक पटते.