'बूफ-ए कूर'चे विरचनात्मक वाचन

विरचना म्हणजे संहितेतून हवा तो अर्थ काढणे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये बराच पसरलेला आहे. तुमचाही तसा समज असेल, तर सादिक हिदायत (१९०३–१९५१) यांची 'बूफ-ए कूर' (आंधळे घुबड) ही फार्सी कादंबरिका वाचून पाहा. तिच्या पहिल्या, मोजक्या चक्रमुद्रित प्रती १९३६-३७च्या सुमारास मुंबईत निघाल्या आणि इराणमध्ये विक्रीस मनाई, असा शेरा त्यांवर होता.

पहिल्या भागातला निवेदक कलमदानांवर चित्रे रंगवतो. चित्र नेहमी एकच असते: सरूचे झाड, त्याखाली भारतीय योग्यासारखा वाकलेला म्हातारा, मध्ये ओहोळ आणि पलीकडून नीलूफरचे फूल देणारी काळ्या वस्त्रातली तरुणी. (नीलूफर हा शब्द मुळात आपल्या नीलोत्पलाचाच वंशज आहे.) दुसऱ्या भागात त्याची पत्नी येते आणि तो तिचा उल्लेख शिवीनेच करतो. पारंपरिक वाचन इथे थांबते: एक स्त्री दिव्य, दुसरी पतित.

आता तपशील तपासा. दोघींचे डोळे सारखे आहेत, दोघींच्या देहावर सुरी चालते. निवेदकाला पावित्र्य आणि पाप यांतली सीमा टिकवायची असते, आणि त्यासाठी स्त्रीचा देह तुटतो. मात्र संहितेतले तपशील ती सीमा टिकू देत नाहीत. शेवटी आरशात निवेदकालाच तो तिरस्कृत म्हातारा दिसतो.

या दुहेरीपणाचे मूळ शोधू गेलात तर तेही दुहेरीच निघते. निवेदकाची आई बुगाम दासी ही भारतातल्या मंदिरातली नर्तकी. तिच्यावर वडील आणि त्यांचा जुळा भाऊ या दोघांचेही प्रेम. निवाडा व्हावा म्हणून दोघांना नागासह अंधाऱ्या खोलीत कोंडतात. एकजण जिवंत बाहेर येतो, पण तो वडील की काका, हे ओळखता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा तपशील मद्याचा. पहिल्या भागात निवेदक घरात वारशाने आलेले मद्य त्या तरुणीच्या तोंडात ओततो आणि मग ती मृत असल्याचे त्याच्या लक्षात येते. आईने मुलासाठी ठेवलेल्या मद्यात नागाचे विष होते, हे दुसऱ्या भागात कळते. आता मागे जाऊन तो प्रसंग पुन्हा वाचा. देरिदा यांनी प्लेटोच्या संहितेत 'फार्माकॉन' या शब्दात औषध आणि विष हे दोन्ही अर्थ एकत्र दाखवले होते; इथे तीच स्थिती एका बाटलीत आहे. तिचे प्रेत थंडगार, जणू कित्येक दिवसांचे असते. म्हणून ती आधीच मेलेली होती असे म्हणावे, तर विषाचा उल्लेख आडवा येतो. त्याने तिला मारले म्हणावे, तर ते थंडगार प्रेत.