पळवणकर बंधूंचा नकार

आपल्या नांदेड-लातुरात सुट्टीच्या दिवशी क्रिकेटचे मैदान रिकामे सापडत नाही. संघ पाडताना चांगल्या गोलंदाजासाठी ओढाताण होते. त्याची जात कोणी विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र ती विचारली जात असे.

पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. तरुणपणी ते पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरवीत. पगार महिना चार रुपये. तेथेच ते इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. ते डावखुरे होते. त्यांचा चेंडू असा वळे की भलेभले फसत. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे!

१९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी शंभरहून अधिक बळी घेतले. त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही नामांकित खेळाडू झाले.

त्या काळी मुंबईत चौरंगी सामने होत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ त्यांत खेळत. बाळू हिंदू संघाचे मुख्य गोलंदाज, तरी त्यांना कर्णधारपद मिळेना. कर्णधार म्हणजे आपला कप्तान. त्याचा हुकूम सर्वांना मानावा लागतो. ज्याला शेजारी बसवून चहा द्यायचा नाही, त्याचा हुकूम कसा मानायचा? खरी अडचण ही होती.

१९२० साली मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्यात कर्णधार पै आजारी होते. त्यांच्या जागी देवधर यांना नेमले आणि बाळूंना संघातूनच वगळले. बाळूंनी तेव्हा चाळिशी ओलांडली होती, हे खरे. पण विठ्ठल ऐन भरात होते, त्यांचाही विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला. जातीमुळे आम्हाला डावलले जाते, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. सामान्य खेळाडूंनी असे केले असते, तर दुसरे दोघे घेऊन सामना झाला असता. या दोघांची जागा भरणे सोपे नव्हते. पुढच्या सामन्यापूर्वी तडजोड झाली. बाळू उपकर्णधार झाले, भाऊ परतले. पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळापुरते बाळूंनी संघाचे नेतृत्व केले.

असा निषेध इतर देशांतही झाला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी पदके स्वीकारताना काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. अमेरिकेतील वर्णभेदाकडे त्यांना जगाचे लक्ष वेधायचे होते. त्यांना संघातून काढून घरी पाठवण्यात आले.

पळवणकरांच्या नकाराचे फळ तीन वर्षांनी मिळाले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा त्यांच्या संघाने जिंकली. बाळूंना मात्र ते पद कधीच मिळाले नाही.