कातळ, खडू आणि चिखल

डोंगरात पळायचं म्हटलं की मंडळातल्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न असतो, "बूट कुठले घेऊ?" त्यांना कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, "पळणार कुठे?" लग्नाआधी नाशिकला भूगोल शिकवत होते, ती खोड गेलेली नाही.

सह्याद्रीचा बेसॉल्ट खरखरीत. पावसाळ्यातलं शेवाळ सोडलं, तर साधा रबरी तळही तिथे धरून राहतो. म्हणून तर आपल्या ट्रेकर मंडळींचं अ‍ॅक्शनच्या स्वस्त बुटांवर इतकं प्रेम! इथे मात्र गाठ ओल्याशी आहे.

आमच्या जवळचा साउथ डाउन्स म्हणजे खडूचा डोंगर. उन्हाळ्यात तो रस्त्यासारखा टणक असतो, तेव्हा तळाला चार मिलिमीटरचे दाते पुरतात. पाऊस पडला की त्याचा साबण होतो, आणि मधूनमधून गारगोटीचे टोकदार तुकडे वर येतात. म्हणून तळ फार पातळ नको. चिकणमातीत दाते एकमेकांपासून लांब हवेत, नाहीतर चिखल अडकून बुटाची वीट होते. आमच्या गटातली एक जण गेल्या जानेवारीत रस्त्यावरच्या बुटांनी उतारावर घसरली. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. त्या काळात पोळ्या कुणी लाटल्या, हा वेगळ्या लेखाचा विषय.

पीक डिस्ट्रिक्टमधला किंडर स्काउट जेमतेम ६३६ मीटर, पण माथ्यावर पीटचा काळा, भुसभुशीत थर. तिथे सहा ते आठ मिलिमीटरचे दाते लागतात. तेच दाते ओल्या खडकावर मात्र फसवतात, कारण फक्त टोकं टेकतात. लेक डिस्ट्रिक्टच्या दगडांवर दात्यांपेक्षा मऊ, चिकट रबर महत्त्वाचं. उत्तरेत डोंगराला 'फेल' म्हणतात, त्यामुळे 'फेल रनिंग' म्हणजे नापासांची शर्यत नव्हे! या खेळासाठी बोल्टनच्या नॉर्मन वॉल्शचे बूट प्रसिद्ध, आणि २००३ साली सुरू झालेली इनोव्ह-८ ही कंपनीही इंग्लंडचीच.

वॉटरप्रूफचा मोह मला पटत नाही. दवाच्या गवतात ठीक, पण ओढ्यात पाय घोट्यापर्यंत गेला की पाणी वरून शिरतं आणि आतच राहतं. त्यापेक्षा जाळीचा बूट आणि लोकरीचे मोजे बरे.

माप संध्याकाळी, तेच मोजे घालून घ्या. उतारावर पाय पुढे सरकतो, म्हणून बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, पण टाच हलता कामा नये. पंजा रुंद असेल तर पुरुषांच्या विभागातही खुशाल बघा.

चांगला जोड सव्वाशे-दीडशे पौंडांना पडतो. मुलाच्या फुटबॉल बुटांना आपण लगेच पैसे काढतो, स्वतःच्या पायांसाठी मात्र हात आखडतो. गेल्या हंगामातला रंग घ्या, स्वस्त मिळतो. एकच जोड परवडत असेल तर पाच मिलिमीटरवाला घ्या. आणि तो रेडिएटरवर वाळवू नका, डिंक सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबून ठेवा.