दृक्-अवकाशीय अवधान व मेंदूतील विद्युत् क्रिया

दृष्टी एका बिंदूवर स्थिर ठेवूनही दृष्टिक्षेत्रातील दुसऱ्या जागेकडे लक्ष देता येते. या क्षमतेस अप्रकट दृक्-अवकाशीय अवधान म्हणतात. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकात काळोखातील अक्षरफलक ठिणगीने क्षणमात्र उजळून ती प्रयोगाने दाखविली. अवधानाची निवड संवेदनाच्या आरंभीच होते, की अर्थबोध झाल्यानंतर, हा मानसशास्त्रातील जुना वाद आहे. डोनल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ मध्ये पहिला पक्ष मांडला. केवळ वर्तनाच्या निरीक्षणावरून याचा निर्णय करणे कठीण होते. मेंदूतील विद्युत् क्रियेच्या नोंदींनी त्यास नवे साधन मिळाले.

हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूची विद्युत् क्रिया कवटीवरून प्रथम नोंदविली. एका प्रकाशझोतास मिळणारा प्रतिसाद काही मायक्रोव्होल्ट एवढाच असून तो पार्श्वभूमीवरील मोठ्या तरंगांत लपतो. म्हणून अनेक आवृत्त्यांची सरासरी काढतात. तिला उद्दीपित विभव म्हणतात.

प्रयोगात व्यक्ती मध्यबिंदूकडे पाहत असताना डावीउजवीकडे झोत चमकवितात व एकाच बाजूकडे लक्ष देण्यास सांगतात. नेत्रचलनावर नजर ठेवलेली असते. झोत व दृष्टी दोन्ही तीच असल्याने प्रतिसादांतील फरक अवधानाचाच ठरतो. स्टीव्हन हिलयार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकापासून असे प्रयोग केले. लक्ष दिलेल्या जागी झोत पडल्यास सुमारे १०० मिलीसेकंदांनी येणारी धन लहर व त्यानंतरची ऋण लहर यांची उंची वाढते. त्यांच्या वेळेत मात्र फारसा फरक पडत नाही. ५० ते ९० मिलीसेकंदांत येणारा प्राथमिक दृक्-बाह्यकाचा प्रतिसाद बहुतेक प्रयोगांत बदललेला आढळत नाही. यावरून निवड अर्थबोधापूर्वी सुरू होते, परंतु माहिती मेंदूच्या बाह्यकात पोहोचताक्षणीच नव्हे, असे दिसते.

झोतापूर्वीही मेंदूची तयारी चालू असते. लक्ष डावीकडे असल्यास उजव्या गोलार्धाच्या मागील भागातील आल्फा तरंग (८–१३ हर्ट्झ) क्षीण होतात. दुर्लक्षित बाजूची माहिती हाताळणाऱ्या गोलार्धात ते तुलनेने प्रबळ राहतात.

उजव्या पार्श्विका खंडास इजा झालेले काही रुग्ण दृष्टी शाबूत असूनही डाव्या बाजूच्या वस्तूंची दखल घेत नाहीत. ताटातील डाव्या बाजूचे अन्न तसेच राहते. दिसण्यासाठी प्रकाश डोळ्यांत शिरणे पुरेसे नाही, हेच यावरून स्पष्ट होते.