एकवीस, तेवीस आणि मधला बावीस

२९ ऑक्टोबर १९६९. रात्रीचे साडेदहा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकात शिरू पाहत होता. ‘लॉगिन’ या शब्दातले ‘एल’ पोहोचले, ‘ओ’ पोहोचले. ‘जी’ला पलीकडची यंत्रणा कोसळली. तासाभराने प्रयत्न साधला. इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेश म्हणजे अशी दुसऱ्याच्या दारावर दिलेली थाप होती.

त्या दाराचे नियम पुढे कसे घडले, हे मूळ दस्तऐवजांत वाचता येते. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. पण ‘अभिप्रायासाठी विनंती’ असे नम्र नाव धारण करणारे हे दस्तऐवज कोणालाही खुले आहेत.

दूरच्या संगणकावर बसल्या जागेवरून काम करण्याच्या नियमावलीला ‘टेल्नेट’ म्हणतात. पहिली अडचण भाषेची होती. ओळ कुठे संपली, हे सांगण्याचीसुद्धा प्रत्येक यंत्राची रीत वेगळी. म्हणून एक काल्पनिक सामायिक यंत्र ठरवले गेले आणि प्रत्येकाने आपली बोली त्याच्या भाषेत उलथून पाठवायची, असे ठरले. दहा बोलीभाषकांनी एकमेकांच्या नऊ बोली शिकण्यापेक्षा एक प्रमाणभाषा बरी, तसेच हे. आपण कळ दाबतो, अक्षर पलीकडे जाते, काम तिथे होते आणि उत्तर आपल्या पडद्यावर उमटते.

फाइल आणण्या-पाठवण्याचे नियम, म्हणजे ‘एफटीपी’, एप्रिल १९७१मध्ये एमआयटीतल्या अभय भूषण यांनी प्रथम मांडले. ते कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. एफटीपीत दोन जोडण्या असतात. एका खिडकीवर चिठ्ठी द्यायची, माल दुसऱ्या दाराने घ्यायचा. माल येत असतानाही खिडकी उघडी राहते. त्यामुळे ‘आता पुरे’ असे मध्येच सांगता येते. अनेक संग्रह तर ‘अनामिक’ असे नाव सांगणाऱ्यालाही आत घेत. प्रोजेक्ट गुटेनबर्गची पुस्तके कित्येकांनी याच वाटेने उतरवून घेतली.

संगणकावरच्या प्रत्येक सेवेच्या दाराला क्रमांक असतो; त्याला ‘पोर्ट’ म्हणतात. एफटीपीच्या खिडकीचा २१, टेल्नेटचा २३. दोन्हींत एक उणीव समान होती: परवलीचा शब्द उघडाच प्रवास करी. वाटेवर कान लावून बसलेल्याला तो जसाच्या तसा मिळे. एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या संशोधकांच्या जगात ते चालून गेले.

१९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात असेच परवलीचे शब्द चोरले गेले. तिथल्या तातू युलोनेन यांनी उपाय म्हणून ‘एसएसएच’ लिहिले आणि त्यासाठी २१ व २३ यांच्यामधला रिकामा २२ क्रमांक मागून घेतला. आजच्या एसएसएचमध्ये दोन्ही संगणक आधी उघड्यावरच काही आकडे एकमेकांना देतात. ऐकणाऱ्याला ते सगळे दिसतात. तरी त्यांतून दोघांपाशी तयार होणारे गुपित त्याला व्यवहारात काढता येत नाही. ही युक्ती व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६मध्ये प्रसिद्ध केली होती. त्या गुपिताने पुढचा सगळा संवाद कुलूपबंद होतो. फाइलीही त्याच वाटेने नेता येतात.

मग विश्वासाची गरज संपली का? नाही. अनोळखी संगणकाशी पहिल्यांदा जोडताना एसएसएच त्याच्या किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरे-आकड्यांची एक लांबट ओळ, दाखवते आणि विचारते: पुढे जायचे का? तो ठसा दुसऱ्या मार्गाने मिळवून ताडून पाहायला हवा. बहुतेक जण न वाचताच ‘हो’ म्हणतात. तोतया संगणक मध्ये उभा असेल, तर कितीही भक्कम कुलूप असले तरी त्याची किल्ली आपणच तोतयाच्या हाती दिलेली असते. पूर्वी सगळ्या वाटेवर पसरलेला विश्वास आता या एका प्रश्नापाशी गोळा झाला आहे. तेवढा तरी थांबून वाचावा.