दगडावर तीन वर्षे

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली, की शिरूर-दौंडकडे परतणाऱ्या कामगारांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो, ‘सोडावी का ही नोकरी?’ घरचे उत्तर ठरलेले असते, ‘हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये.’

जपानमध्येही मुलांना हेच शिकवले जाते. तिथली म्हण सांगते, थंडगार दगडावर तीन वर्षे बसले तर तोही ऊबदार होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या कंपन्यांत ‘शूशिन कोयो’, म्हणजे निवृत्तीपर्यंत एकच नोकरी, ही पद्धत रुजली. ‘तेनशोकु’, म्हणजे नोकरीबदल, करणाऱ्याकडे बराच काळ संशयाने पाहिले जाई. आता हा शब्द जाहिरातींत सर्रास दिसतो, पण संकोच पुरता गेलेला नाही. कायद्याने कायम कामगाराला दोन आठवड्यांची सूचना देऊन नोकरी सोडता येते. तरीही साहेबांसमोर ते बोलण्याचे धाडस होत नाही, म्हणून पैसे घेऊन राजीनामा कळवणाऱ्या संस्था निघाल्या. त्या सेवेचे नाव ‘ताइशोकु दाइको’.

वेळेवर न सोडण्याची किंमत सांगणारा शब्दही जपाननेच जगाला दिला, ‘कारोशी’, म्हणजे अतिकामाने आलेला मृत्यू. महिन्याला 100 तास किंवा सलग काही महिने सरासरी 80 तास जादा काम झाले असेल, तर हृदयविकार किंवा पक्षाघाताचा कामाशी दाट संबंध असल्याचे तिथे मानले जाते. 2014 मध्ये कारोशी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला.

हा धोका जपानपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त असतो. सहा दिवसांच्या आठवड्यात 55 तास म्हणजे रोज साधारण सव्वानऊ तास. सततच्या ताणाने रक्तदाब वाढतो, झोप मोडते, तंबाखू वाढते आणि व्यायाम सुटतो.

म्हणून ओव्हरटाइमच्या पैशांबरोबर शरीराचाही हिशेब ठेवावा. सुट्टीनंतरही न जाणारा थकवा, कामाविषयी तिटकारा आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना आठवडेच्या आठवडे टिकली, तर ती कामाच्या ताणाने आलेली शक्तिहीनता असू शकते. अशा वेळी रक्तदाब तपासून डॉक्टरांशी बोलावे. मनाच्या त्रासासाठी ‘टेलि-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती अचानक जाणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर पाळी संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

रागाच्या भरात राजीनामा देणेही बरे नव्हे, कारण बेकारीचा ताणही शरीराला सोसत नाही. आधी पाळी किंवा विभाग बदलून मागावा, दुसरे काम शोधावे, मग निर्णय घ्यावा. दगड ऊबदार होईपर्यंत बसायला हरकत नाही. मात्र बसणारा आजारी पडू लागला असेल, तर उठलेलेच बरे.